होईल सेट

"कोणी सेट केलं?"

"झालंय ना वहिनी सेट."

"झालंय का ते नाही विचारलं, भावजी. कोणी केलं ते विचारतेय. माझं टेबल काय आपल्या पायांनी चालत बाहेर गेलं?"

"आता शब्दाला शब्द वाढवू नका. दोन दिवस तुम्ही नव्हता, म्हटलं तेवढ्यात उरकून घेऊ. मशीनला खिडकीपाशीच जागा सेट होत होती. तुमचंही पुढे काउंटरला मस्त सेट केलंय. गादीची खुर्ची, डोक्यावर पंखा. बसायचं, डबे घ्यायचे, डबे द्यायचे."

"आणि दात?"

"दात मशीन लावेल."

काकू दारातच उभी होती. चप्पल अजून पायात. बहिणीच्या ऑपरेशनसाठी दोन दिवस गेली होती, तिथून थेट कामावर आली होती. समोर काउंटरवर पुठ्ठ्याचा खोका. त्यात तिचा स्पिरिटचा दिवा, तीन सुऱ्या, गुलाबी मेणाच्या पाट्या आणि जबडा उघडझाप करणारं ते पितळी यंत्र, ज्याला ती तीस वर्षं 'बिजागरी' म्हणत आलीय. खोक्यावर मार्करने लिहिलेलं: वहिनी, सामान.

अक्षर माझं होतं. बाबांनी सांगितलं, मी लिहिलं.

आम्ही कवळ्या करतो. खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर, वर आमच्या तीन खोल्या. डॉक्टर तोंडाचं माप डब्यात घालून पाठवतात, आम्ही त्यात प्लास्टर ओततो, प्लास्टरच्या हिरडीवर मेण चढवतो आणि मेणात एकेक दात बसवतो. माणसाच्या तोंडात तो मेणाचा नमुना घालून बघायचा, मगच पक्का करायचा. या धंद्यात कवळीला सेट म्हणतात. दात मेणात बसवणं, तेही सेट करणं. आणि प्लास्टर घट्ट झालं की तेही सेट झालं. तीन कामं, एक शब्द. पण कधी कुणाचा घोटाळा झाला नाही, कारण प्रत्येक वेळी त्या शब्दाला कुणाचा तरी हात चिकटलेला असायचा. प्लास्टर सेट झालं का ते काकू तळहाताच्या मागच्या बाजूने बघायची. आधी कोमट होतं, मग चांगलं गरम, मग पुन्हा गार. गार झालं की म्हणायची, "हं, झोपलं बाळ."

बाबांनी मात्र तो शब्द कामातून उचलला आणि जगभर फिरवला. घड्याळाचा गजर सेट. केस सेट. आतेभाऊ नोकरीला लागला, सेट झाला. मावशीच्या मुलीचं लग्न ठरलं, सेट झालं. नव्या डॉक्टरला जेवायला नेलं, "डॉक्टर सेट केला." घरात कुणी रडायला लागलं की म्हणणार, होईल, सगळं सेट होईल. एकदा आईने भांडताना विचारलं होतं, "मी कोण आहे या घरात?" तर हे म्हणाले, "अगं, तू तर सेट आहेस." आई तीन दिवस बोलली नव्हती.

"भावजी," काकू म्हणाली, "तुमच्या तोंडात एकच दात आहे का हो? सगळं त्यानेच चावता! अहो, दात बसवतात. जागा करतात. नोकरी लागते. लग्न जुळतं. माणसाला समजावतात. बाईला हलवायचं असेल तर आधी तिला विचारतात! या सगळ्याला एक सेट म्हटलं की झालं. कुणी केलं नाही, कुणी ठरवलं नाही, वारा आला आणि माझं टेबल घेऊन गेला."

"तुम्हीच म्हणत होता ना डोळे दुखतात म्हणून?"

"डोळे दुखतात म्हटलं होतं. डोळे काढून घ्या म्हटलं नव्हतं."

बाबा खोटं बोलत नव्हते, हे मला सांगायलाच हवं. बाकीचे लोक दोन दिवसांत कवळी देतात आणि आम्हाला आठवडा लागतो. डॉक्टरांनी दोनदा ऐकवलं होतं. मशीन आलं नसतं तर खालून डबे येणं बंद झालं असतं. पण ते आणायचं काकूच्या पाठीमागे कशाला? ती समोर असताना तिच्या तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, एवढं साधं होतं ते. तोंडांचा धंदा करणारा माणूस आणि तोंड चुकवत होता.

काकू या घरात सून म्हणून आली तेव्हा हा कारखाना स्वयंपाकघरात होता. एका वाडग्यात कणीक, शेजारच्या वाडग्यात प्लास्टर. काका माप ओतायचे, ती बघायची. बघता बघता तिने पहिली कवळी लावली ती सासऱ्यांची. त्यांनी सगळ्यांसमोर काकडी चावली, कर्रकन आवाज आला आणि उरलेली अर्धी त्यांनी सुनेच्या हातात दिली. तेच तिचं सर्टिफिकेट. दुसरं कुठलं कुणी दिलं नाही. काका गेल्यावर कारखाना बाबांच्या नावावर आला आणि काकू खिडकीपाशी राहिली. बँकेत, दवाखान्यात, रस्त्यात कुणी हसलं की कोपराने मला ढोसायची, "ते बघ, माझे दात चाललेत." चेहरा आठवायचा नाही. दात आठवायचे.

आणि तिची एक पद्धत होती. अवघड माणूस असला की डॉक्टर त्याला वर पाठवायचे. काकू मेणाचा नमुना त्याच्या तोंडात घालायची आणि म्हणायची, "म्हणा, साठ ते सत्तर." एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. माणूस म्हणायचा आणि ती डोळे मिटून ऐकायची. 'स'मध्ये हवा कुठून निसटते ते ऐकायचं, मेण गरम करायचं, दात अर्ध्या तांदळाएवढा आत घ्यायचा. पुन्हा साठ. पुन्हा सत्तर. लहानपणी मी शाळेच्या आधी साठ ते सत्तर शिकले ती अशी, बोळक्या तोंडांकडून.

"बोलीवाल्यांचं काम कुठाय?" काकूने एकदम विचारलं. खोक्यात हात घालून शोधत होती. "मी मेणात लावून ठेवलं होतं. त्यांनी दोन वेळा साठ ते सत्तर म्हटलं, अगदी स्वच्छ. फक्त पक्कं करायचं राहिलं होतं."

बोलीवाले म्हणजे भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारणारे गृहस्थ. पहाटेपासून टोमॅटोच्या ढिगावर उभं राहून आकडे ओरडायचे, हेच त्यांचं आयुष्य.

बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी मशीनकडे.

"त्यांचंच पहिलं घेतलं मशीनवर," बाबा म्हणाले. "माप होतंच. काल दिलंसुद्धा."

"आणि माझं मेणातलं?"

"ते... गरम पाण्यात घातलं. दात मोकळे केले. परत वापरता येतात ना."

काकूने खोक्यातून हात काढला. कानशिलाजवळची शीर तेवढी वर आली. हे खरं तर मीच केलं होतं. पडद्यावर सरळ रेषेत चौदा दात आले, मी माउस हलवला, मशीनने विचारलं ठीक आहे का, मी म्हटलं ठीक आहे. दहा मिनिटं. तिचे दोन दिवस मी चिमट्याने गरम पाण्यातून काढले होते.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि बोलीवाले स्वतःच आले. अंगाला कोथिंबिरीचा वास, गळ्यात मफलर.

"ताई आल्या का? बरं झालं. सकाळपासून तुमचीच आठवण काढतोय." आणि त्या 'बरं झालं'नंतरच्या 'सकाळपासून'मध्ये अशी बारीक शिट्टी वाजली की मी मान खाली घातली.

"बोला," काकू म्हणाली.

"काय बोलू? बोललं की वाजतंय. आज पहिल्याच ढिगाला साठ म्हटलं, तर हमाल म्हणतो, मालक, एक शिट्टी झाली. एकसष्ट म्हटलं, दोन झाल्या. बासष्टला अख्खा बाजार ओरडला, उतरवा, शिजलं!" ते स्वतःच हसले. मग हसणं तोंडातच राहिलं. "तीस वर्षं माझ्या आवाजावर बाजार चाललाय, ताई. हसणारा माणूस बोली लावत नाही. बाजारवाले म्हणाले, दोन दिवस आराम करा, दुसऱ्याला उभं करतो. त्या दुसऱ्याला माझी जागा आवडली तर?"

"अहो, नवीन आहे," बाबा पुढे झाले. खांद्यावर हात. "जिभेला सवय नाही. दोन आठवड्यांत होईल सेट."

"दोन आठवडे?"

"फार तर तीन. सगळ्यांचं होतं."

बोलीवाल्यांनी तो हात खांद्यावर राहू दिला, पण बघत होते काकूकडे. "ताई, तुम्ही सांगा. तुम्ही होईल म्हणालात तर मी थांबतो. बाजारवाल्यांनाही तसं सांगतो."

काकूने त्यांना उजेडात घेतलं. खिडकीपाशी आता मशीन होतं, म्हणून ती त्यांना जिन्याच्या दारात घेऊन गेली. "म्हणा."

"साठ. एकसष्ट. बासष्ट." शिट्टी, शिट्टी, शिट्टी. "त्रेसष्ट. चौसष्ट..."

काकूने डोळे मिटले होते. सहासष्टला उघडले. अंगठ्याने त्यांचा वरचा ओठ उचलून पुढचे दोन दात बघितले. मेणात ते आत ढकलता आले असते. आता ते दगड झाले होते. हे मलासुद्धा समजलं, इतकं उघड होतं. कवळी नव्यानेच करायला हवी होती, हाताने, आणि हाताचं टेबल पुठ्ठ्याच्या खोक्यात होतं.

बाबा तिच्या जवळ आले. आवाज खाली, हसू तसंच. "वहिनी, एक शब्द. म्हणा होईल. पहिलंच काम आहे मशीनचं, डॉक्टर खाली बसलेत. काउंटरला आता हेच तर करायचंय तुम्हाला. लोकांचा तुमच्यावर विश्वास बसतो, तेवढं सांभाळायचं. बाकी तुम्हाला काही त्रास नाही."

तेवढं ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेबल घेतलं, दात घेतले, आता तिची जीभ काउंटरला बसवायची होती. तीस वर्षं जिने दुसऱ्यांच्या तोंडातली शिट्टी काढली, तिनेच आता ती शिट्टी म्हणजे सूर आहे असं सांगायचं!

"काय ताई?" बोलीवाले म्हणाले. "होईल?"

काकूने बाबांकडे बघितलं. बराच वेळ, माप घेतल्यासारखं. मग मशीनपाशी गेली, वरच्या फळीवर हात घातला आणि बोलीवाल्यांच्या हिरडीचं प्लास्टर काढलं. त्यावर अजून तिच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्या पुसायचं माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. तिने त्यावरची धूळ पदराने झटकली, ते खोक्यात सुऱ्यांशेजारी ठेवलं, दिवा कलंडू नये म्हणून मेणाच्या पाट्या बाजूला दाबल्या. खोका कमरेवर घेतला. चप्पल पायात होतीच.

"वहिनी, कुठे निघालात? ते आपल्या लॅबचं माप आहे!"

ती दाराबाहेर होती.

"अहो, निदान त्यांना हो की नाही तेवढं तरी सांगा!"

जिन्यात बिजागरीचं पितळ खोक्याच्या पत्र्याच्या पिनेवर वाजत होतं, पायरीला एकदा, पायरीला एकदा, आणि खालच्या मजल्यावर डॉक्टरांच्या दारापाशीही ते थांबलं नाही.