याकोब चार, सात

आमच्या बसस्थानकावरचे ते ख्रिस्ती नियंत्रक गाड्या पुकारता पुकारता मधेच "याकोब चार, सात!" असेही पुकारत. दारू सोडून त्यांना सहा वर्षे झाली होती. तलफ आली की तो सैतानाचा हल्ला समजून ते त्याला बायबलातले हे वचन ऐकवत. सैतानाला अडवा, तो पळून जाईल, असा त्याचा अर्थ. पण ते केवळ अंक सांगत.

"पूर्ण वचन काहून नाही म्हणत, भाऊ?" मी एकदा विचारले.

"त्याले सारं पाठ हाय, सर. नंबर पुरते."

माझ्या मुलाच्या लग्नात मी एक गंमत केली, जिची मला अजून लाज वाटते. भरलेला पेला मी त्यांच्यासमोर धरला.

ते ताडकन उभे राहिले. "याकोब... महागावमार्गे पुसद... फलाट चार..."

मंडळी हसली. नियंत्रकांना मात्र घाम फुटला होता आणि त्यांचा हात पेल्याकडे सरकत होता.

"सर, लवकर सांगा! नंबर इसरलो!"

पेला तसाच धरून मी पुटपुटलो, "चार, सात."

"याकोब चार, सात!" ते माझ्या तोंडावर गरजले.

मी पेल्यासकट मंडपाबाहेर धावलो. मागून त्यांचा आनंदी आवाज आला, "पाहा, पळाला!"