ओकादासानच्या इंजिनाची दातेरी पट्टी

आता हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतोय म्हणजे बघा, किती लाजून झालं असेल!

अबुधाबीत, रीम आयलंडवर आमच्या खालच्या मजल्यावर ओकादासान राहायचे. रिटायर होऊन जपानला परत निघाले होते. सामान बांधताना त्यांच्याकडच्या एका जुन्या रेल्वे इंजिनाच्या मॉडेलचा लाकडी पाट दुभंगला. त्यांच्या आजोबांनी स्वतः बनवलेलं मॉडेल. म्हातारा अगदी हिरमुसला. मी म्हटलं, काळजी सोडा, मुसफ्फाच्या कारखान्यांच्या भागात आपला माणूस आहे. ते इंजिनाबद्दल काही सांगायला लागले, तेवढ्यात मला फोन आला. ऐकायचं राहिलं.

आपला माणूस म्हणजे कणकवलीचे सावंत, फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये फिटर. नवा पाट करायला त्यांनी रूळ सोडवले. दोन रुळांच्या मधोमध करवतीसारखी दातेरी पट्टी होती. मी म्हटलं, ही पॅकिंगची दिसतेय, इंजिन हलू नये म्हणून लावलेली. काढून टाका, खलास.

सावंत म्हणाले, "साहेब, एवढे दाते उगाच कोण पाडीत नाय."

मी त्यांना समजावलं. हो, मीच! रेल्वेला रूळ दोन असतात, हे लहान पोराला पण कळतं, असं म्हणालो आणि पट्टी काढायला लावली.

शुक्रवारी ओकादासानच्या घरी निरोपाचा चहा होता. सावंत मॉडेल फडक्यात गुंडाळून स्वतः घेऊन आले. फडकं काढण्याआधी ओकादासान बोलायला उभे राहिले. हे ईसी-४०, जपानच्या सरकारी रेल्वेचं पहिलं विजेचं इंजिन. जर्मनीतून आणलेलं. ते चालायचं तो उसुईचा घाट आपल्या खंडाळ्यापेक्षाही खडा. बोगद्यांत वाफेच्या इंजिनाचा धूर कोंडून माणसं गुदमरायची. आजोबा तिथेच कामाला होते. विजेचं इंजिन आलं आणि त्यांना मोकळा श्वास मिळाला.

"पण चढावर चाकं घसरायची," ते म्हणाले. "म्हणून इंजिनाखालचं दातेरी चाक मधल्या पट्टीत अडकवून गाडी वर चढायची. ही पट्टी नसती, तर माझे आजोबा घाटातच राहिले असते."

एसी चालू असूनही मला घाम फुटला. सावंतांकडे बघायची हिंमत होईना.

फडकं निघालं. पट्टी जागेवर होती. सरळ, घट्ट, चकचकीत.

इंजिन पुसताना सावंतांना त्याच्या पोटाखालचं दातेरी चाक दिसलं होतं. मला न विचारता त्यांनी पट्टी परत बसवली होती. मी सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं. ओकादासान सावंतांसमोर कमरेत वाकले, बराच वेळ वाकून राहिले. सावंतांनी गडबडून उलट नमस्कार केला. त्या माणसाने माझं ऐकलं नाही, याचे उपकार मी कसे फेडू?

त्यांना खाली सोडायला गेलो तेव्हा लिफ्टमध्ये सावंतांनी सहज विचारलं, "साहेब, तुमी हापिसात नक्की काय बघता?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण म्हटलं, "क्वालिटी कंट्रोल."

सावंत चांगले कोकणी गृहस्थ. तळमजला येईपर्यंत लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिले.