लाल भोंग्यासाठी प्रार्थना

शाळेची बस चालवणाऱ्या त्या बाईला पोरं बसताई म्हणत. आवाज खणखणीत, हात भक्कम आणि राग नाकाच्या शेंड्यावर. या रागाचं तिला स्वतःलाही वाईट वाटे, पण वाईट वाटून घ्यायला तरी सवड कुठे होती? उजाडायच्या आत मुलांचे डबे, मग धाकटीची वेणी, सासूबाईंच्या गोळ्या, नवऱ्याला हलवून जागं करणं आणि लगेच डेपोकडे धूम.

लग्न होऊन या घरात आली तेव्हा ती रोज पहाटे शांत बसून बायबलमधल्या शुभवर्तमानातला एखादा उतारा वाचायची, मग प्रार्थना करायची. मुलं झाली आणि ते शांत बसणं कुठल्या कुठे गेलं. पुढे तर गुडघे टेकले की डोळाच लागायचा. एकदा खाटेच्या कडेला कपाळ टेकून ती अशी गाढ झोपली की धाकटीने आजीकडे जाऊन सांगितलं, आईची प्रार्थना आज घोरतेय.

सासूबाई हसल्या, पण सुनेच्या मनाला हे लागलंय हे त्यांनी ओळखलं. त्यांनी स्वतः सारी उमर रुग्णालयात लादी पुसता पुसता प्रार्थना केली होती. तुझ्या रस्त्यावर सिग्नल किती, त्यांनी विचारलं. पुष्कळ, आणि मेले मलाच बघून लाल होतात, सून म्हणाली. मग झालं तर, सासूबाई म्हणाल्या; दर लाल दिव्याला एक माणूस देवापुढे ठेव. डोळे मात्र उघडे ठेव.

बसताईला हे मानवलं. एका सिग्नलला नवरा, एकाला थोरल्याच्या परीक्षेचा घोर, एकाला बसमधली ती नवी मुलगी, जी खिडकीला नाक लावून बसायची आणि कुणाशीच बोलायची नाही. काही दिवसांनी तर दिवा लवकर हिरवा झाला की तिचीच चिडचिड होऊ लागली, कारण माणूस अर्धाच राहायचा.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण बाजाराच्या वळणावर एक लाल मोटार होती. रोज तिथे ती मागून यायची, सिग्नल सुटायच्या आधीच कर्णकर्कश हॉर्न वाजवायची आणि बसच्या नाकासमोरून घुसून पुढे पळायची. बसताईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. देवाशी चाललेलं बोलणं अर्ध्यावर तुटायचं आणि तोंडातून जे निघायचं ते निदान प्रार्थनेत बसणारं नसायचं. मोटारवाल्याचं तिने नाव ठेवलं लाल भोंगा. पोरांनी ते लगेच उचललं.

रात्रीच्या जेवणाला तिने सासूबाईंपुढे गाऱ्हाणं मांडलं. त्या म्हणाल्या, मग त्याच्यासाठीही प्रार्थना कर. दुसऱ्या दिवशी तिने केली, आणि घरी येऊन प्रामाणिकपणे सांगितलं की देवाकडे त्याच्यासाठी थोडी अक्कल मागितली.

"अगं, ही प्रार्थना नव्हे, तक्रार झाली," सासूबाई म्हणाल्या. "माणूस उगाच पळत नाही. त्याच्या घरी काय असेल, कुणी सांगावं?"

ते मात्र बसताईच्या मनात घर करून राहिलं. खरंच, काय असेल? विचार करता करता तिने ठरवून टाकलं की त्याची आई अंथरुणाला खिळलेली असणार. तिचं सगळं उरकून बिचारा कामावर धावत असणार. मग भोंगा वाजला की बसताई दात आवळून का होईना, त्याच्या आईसाठी प्रार्थना करू लागली. हळूहळू दात सैल झाले. त्या न पाहिलेल्या बाईची तिला मनापासून काळजी वाटू लागली. तिची पाठ दुखू नये, तिला रात्री झोप लागावी, असं बारीकसारीकही ती मागायची.

आणि एका सकाळी लाल मोटार त्याच वळणावर बंद पडून उभी. पोरांनी आनंदाने टाळ्या पिटल्या. बसताईने आरशातून नुसतं पाहिलं, तशी टाळ्या थांबल्या. पोरांना शाळेत सोडून ती रिकामी बस घेऊन परत आली, तर मोटारवाला अजून तिथेच, कपाळावर घाम आणि हातात बंद पडलेला फोन. तिने डेपोला कळवलं, दोरखंड काढला आणि मोटार गॅरेजपर्यंत ओढत नेली.

गॅरेजात तो आभार मानू लागला तेव्हा बसताईने हळूच विचारलं, "आईची तब्येत कशी आहे?"

तो गोंधळला. "माझ्या आईची? उत्तम. आता पोहायला गेली असेल."

"पोहायला?"

"रोज जाते. का हो ताई, तुम्ही ओळखता तिला?"

बसताईने दोरखंड गुंडाळायला घेतला. मग रोज एवढी घाई कसली, तिने विचारलं. तो ओशाळला. घाई कसलीच नाही, सकाळी त्याच्याने उठवतच नाही, एवढंच. गजर वाजतो, तो बंद करतो, पुन्हा झोपतो.

घरी येईपर्यंत बसताई धुमसत होती. इतके दिवस तिने मन लावून त्या बाईसाठी मागणं मागितलं, आणि ती बाई तिकडे पाण्यात सूर मारतेय. सगळ्या प्रार्थना पाण्यात गेल्या, ती सासूबाईंना म्हणाली.

सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"पाण्यात कशा गेल्या? या वयात ती पोहतेय, ती कुणाच्या जोरावर?"

बसताई इतकी हसली की नवरा आतून काय झालं ते बघायला आला.

लाल भोंगा काही सुधारला नाही. फार तर हॉर्न जरा आखूड झाला. पण वळणावर आता बसताई स्वतःच थांबून त्याला पुढे जाऊ देते, तो खिडकीतून हात दाखवतो आणि पोरं सगळी मिळून हात हलवतात. त्या नव्या मुलीचाही हात त्यात असतो.

राग अजून आहेच. हल्ली एका सिमेंटच्या ट्रकवाल्याशी तिचं अजिबात जमत नाही. त्याच्यासाठीही काही मागायचं आहे, पण अजून थोडी मुदत दे, असं तिने देवाला मोकळेपणाने सांगून ठेवलं आहे.