हनुवटीची चौकशी

माझ्या हनुवटीबद्दल वरोऱ्यात तुम्ही काही ऐकलं असेल, तर ते साफ खोटं आहे. पण सांगितलं मीच. आता हे कसं समजावू तुम्हाला? बसा, चहा येऊ द्या.

माझी भाची पल्लवी मुलचेऱ्याला शिक्षिका आहे. लहानपणी उकळतं तेल सांडून तिच्या गळ्यावर डाग राहिला. भर उन्हाळ्यातही ओढणी गुंडाळून शिकवते. शेवटी तिनं ऑपरेशन करायचं ठरवलं, चंद्रपूरच्या एका सर्जनकडे तारीख घेतली आणि मला फोन केला.

"मामा, एकडाव त्या डॉक्टरले पाहून या. शिकला किती, खर्च किती, सारं इचारा. पन भांडू नोका."

भांडू नको म्हणे. उभा जन्म बातमीदारीत गेला माझा. नापास लोकांनी लावलेल्या डॉक्टरच्या पाट्या मी उतरवल्यात. स्वस्त पॅकेज सांगायचं आणि पेशंट आडवा झाला की भूल वेगळी, खाट वेगळी, औषधं वेगळी लावायची, असं करणारेही पाहिलेत. भाचीचा गळा असा कोणाच्याही हाती देऊ?

आणि सरळ विचारलं की सगळेच सज्जन असतात. म्हणून आमच्या धंद्यातली जुनी रीत वापरली. गिऱ्हाईक बनून गेलो. नाव सांगितलं बापूराव, गाव माजरी.

"काय त्रास आहे, भाऊ?" डॉक्टरनं विचारलं.

आता, हे मी ठरवलंच नव्हतं. हात आपोआप तोंडाकडे गेला. "हनुवटी," म्हणालो. "बदलून पाहिजे."

त्यानं डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. "चांगली तर आहे."

इथेच मला संशय आला. गिऱ्हाईक पायानं चालत आलंय आणि हा नको म्हणतो? याला जमतच नसणार. मग मी सुरू झालो. पदवी? एमसीएच, प्लास्टिक सर्जरी. नोंदणी क्रमांक? त्यानं लिहून दिला आणि म्हणाला, वैद्यक परिषदेच्या वेबसाइटवर पाहून घ्या. घेतला पाहून, त्याच्यासमोरच. बरोबर निघाला. भूल कोण देतं? एकूण खर्च किती? बिघडलं तर दुसऱ्या ऑपरेशनचे पैसे कोणी भरायचे? प्रत्येकाचं उत्तर तयार, वर लेखी द्यायचीही तयारी. इतका स्वच्छ माणूस मी या जिल्ह्यात पाहिला नव्हता. म्हणजे लपवलेलं काहीतरी फारच मोठं असणार.

मी टेबलावर हात आपटला. "मग आजच करा. नगद देतो."

"इतका त्रास कधीपासून होऊन राह्यला, भाऊ?"

"लहानपणापासून. लोक पाहतात."

"कोण लोक?"

"सगळेच. बाजारात, बसमध्ये. समोर कोणी बोलत नाही, पण मला कळतं."

त्याचा आवाज एकदम मऊ झाला. त्यानं पाणी मागवलं. "घरच्या कोणाचा नंबर देता का?"

गडबडीत मी पल्लवीचाच दिला. म्हटलं, पोरगी हुशार आहे, सांभाळून घेईल. त्यानं फोन लावून स्पीकरवर टाकला.

"मॅडम, चंद्रपूरहून डॉक्टर बोलतोय. माजरीचे बापूराव तुमचे कोण?"

"माजरीले आमचं कोनी नाई, साहेब. आज माये मामा येनार होते तुमच्याकडं, वरोऱ्याचे. पत्रकार हायत. माया ऑपरेशनच्या चौकशीले."

डॉक्टरनं चष्मा काढून ठेवला. "चौकशी करा, भाऊ, केलीच पाहिजे. पण घरचेच खोटं बोलत असतील तर मी त्या पेशंटला हात लावत नाही. उद्या काही कमीजास्त झालं, तर भरवसा कोणावर ठेवू?"

पल्लवीची रजा मंजूर झाली होती, तारीख तोंडावर होती. मी पुन्हा हनुवटीला हात लावला.

"चौकशी तिच्यासाठीच होती," मी म्हणालो. "पण हनुवटीचं खरं आहे. नाव लाजेपोटी बदललं."

"मामा," पल्लवी रडवेली झाली, "इतकी वर्सं मनात ठेवलं? मले तरी सांगाव ना."

"कसं सांगू, बाई."

तिची तारीख कायम राहिली. संध्याकाळपर्यंत तिनं काळजीनं साऱ्या नात्यात फोन केले, ते वेगळंच.

निघताना डॉक्टरनं माझ्या हातात एका मनोविकारतज्ज्ञाच्या नावाची चिठ्ठी ठेवली. "एकदा बोलून पाहा यांच्याशी. असा संशय माणसाला आतून खातो."

मी नमस्कार केला, बाहेर आलो आणि पायरीवरच उभं राहून त्या मनोविकारतज्ज्ञाची नोंदणी तपासली.

खरी निघाली. बुधवारी बोलावलंय.