चालीला लागणारा वेळ

नाशिकहून सिन्नरला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या शेजारी साठीतले एक गृहस्थ बसले होते. मांडीवरच्या लॅपटॉपवर बुद्धिबळाचा पट होता आणि ते हाताची घडी घालून त्याकडे नुसते बघत होते.

"काका, हँग झाला का हो?"

"नाही, तो विचार करतोय. प्रोग्रॅम मीच लिहिलाय. आधी तो वाया जाणाऱ्या चाली पुढे न तपासता सोडून द्यायचा, लगेच खेळायचा. ती छाटणी मी काढून टाकली, आता प्रत्येक चाल तपासत बसतो."

"का?"

"बायको माझ्याशी खेळताना असाच वेळ लावायची. ती गेल्यापासून समोर कुणी विचार करत बसलं नव्हतं."

तेवढ्यात पटावर घोडा हलला. माझा थांबा आला तरी काकांनी आपली चाल खेळली नव्हती. त्यांना अजिबात घाई नव्हती.