फ्रिजच्या खोक्यातली मेंढरं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. मनातल्या मनात मात्र इतक्यांदा सांगून झालंय, की आता सुरुवात कुठून करावी तेच कळेना — खोक्यापासून करते.

शहरात, गारखेड्यातल्या घरी आम्ही नवा फ्रिज आणला तेव्हा माझी लेक मुक्ता पहिलीत होती. माझे सासरे — आम्ही त्यांना आबा म्हणायचो — सासूबाई गेल्यावर गावाहून आमच्याकडं राहायला आलेले. जन्मभर मेंढरांमागं माळ तुडवलेला माणूस, आणि आता दोन खोल्या. फ्रिजचं खोकं त्यांनी टाकू दिलं नाही. भाजीच्या सुरीनं त्याला दार कापलं. उरलेल्या पुठ्ठ्यातून मुक्तानं मेंढरं कातरली, आबांनी त्यांना खळीनं कापूस चिकटवला. मग दाभणानं खोक्याच्या वरच्या अंगाला भोकं पाडली. दुपारी खिडकीतून ऊन आलं, की आत चांदणं पडायचं. खरंच चांदणं. दोघं त्यात पडून असायची, आणि आबा हलक्या आवाजात सांगत राहायचे — उन्हाळ्यात कुठल्या ओढ्याला पाणी टिकतं, लांडगा जवळ आला की कुत्री कशी गप्प होतात. ऐकता ऐकता मुक्ताचा डोळा लागायचा.

मी चिकलठाण्याला एका कंपनीत कामाला. संध्याकाळी दमून यायचे, तर लेक खोक्यात. एकदा मी वाकून म्हटलं, मलाही घ्या की आत. ती कुजबुजली, "आई, तू नको. मेंढरं बुजतात." आबा हसले. काय वाईट होतं त्यात? काहीच नाही. मग मला ते का झोंबलं? मत्सर — आणि तो एका म्हाताऱ्या माणसाचा? हो. तोच.

माझ्या पुढच्या सुट्टीला मुक्ता शाळेत गेलेली, आबा झोपलेले. खालून भंगारवाल्याची हाक आली. मी खोकं पायानं दाबून चपटं केलं — आणि मेंढरांसकट देऊन टाकलं.

शाळेतून आल्या आल्या मुक्तानं विचारलं, माझं घर कुठंय? आणि मी — विचारसुद्धा न करता — म्हणाले, "आबांनी भंगारात दिलं."

आबा समोरच बसले होते. चष्मा कुठं ठेवला, दुपारी जेवलो की नाही, हे ते तेव्हा विसरायला लागले होते. मला ते माहीत होतं. त्यांनी स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. मग म्हणाले, "असंल, पोरी. हल्ली माझ्या ध्यानात राहत नाय."

तेव्हाच बोलता आलं असतं ना? आलं असतं.

मुक्तानं त्यांच्याजवळ जाणं सोडलं. नवरा म्हणाला, उद्या ते दार उघडं टाकून कुठं निघून गेले तर? मग आबा एकटे घरी असले की बाहेरून कुलूप लागायला लागलं; मुक्ता शाळेतून शेजारी जायला लागली. सगळ्यात शेवटी मी निघायचे, म्हणून ते मीच लावायचे. उघड्या माळावर निजलेला माणूस — दिवसभर खिडकीशी बसून राहायचा. संध्याकाळी मला विचारायचा, आज मी कुणाला काय देऊन तर नाय ना टाकलं? नाही हो आबा, मी म्हणायचे. अगदी मायेनं म्हणायचे.

शेवटच्या आजारपणात त्यांनी मला जवळ बोलावलं. "मला आठवत नाय," ते म्हणाले. "पण पोरीला सांग, माझ्या हातून लई वाईट झालं."

मी सांगितलं. जसंच्या तसं. मुक्ता रडली, त्यांच्या उशाशी जाऊन बसली, त्यांचा हात तिनं आपल्या गालाला लावला. जाऊ द्या आबा, मी नाही रागावले, म्हणाली. त्यांचा चेहरा निवला. किती तरी वेळ दोघं तशीच होती.

मी दारात उभी राहून ते बघितलं. मग आत जाऊन चहा टाकला.