रंध्याच्या खिळ्यावरची टोपी

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितोय. चौथी शिकलोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या बेंबळी गावात मी आणि माझा मित्र किसन सुतार, दोघांनी अवजारघर काढलं. ज्याला जे लागेल ते त्यानं न्यायचं, काम झालं की धार लावून आणून द्यायचं. कुणी काय नेलं ते लिहून ठेवणं मला जमेना. किसन म्हणाला, "वही कशाला? अवजार न्यायचं आन् त्याच्या खिळ्याला आपली एक वस्तू अडकवायची." तेव्हापासून कुणाचा गमछा, कुणाची पिशवी भिंतीवर लटकते.

मागच्या वर्षी किसननं लाकूड तासायचा रंधा नेला आणि टोपी अडकवली. आठवड्यात किसन वारला. मी रंधा मागायला गेलोच नाही. रंधा आला तर टोपी द्यावी लागेल. कुणी रंधा मागितला की म्हणायचो, "बाहेर गेलाय."

आज त्याची बायको, सरूवहिनी, रंधा घेऊन आल्या. पात्याला धारही लावलेली.

"भाऊजी, तेंची टोपी द्या."

मी टोपी काढली, झटकली, घडी घातली, परत उलगडली. हातातून सुटेना.

वहिनी बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं बया, आमचं दार अजून घासतंय की! सोमवारपतुर ऱ्हाऊ द्या रंधा माझ्याकडं." आणि टोपी त्यांनीच खिळ्याला अडकवली, रंधा घेऊन परत गेल्या.

आज गुरुवार. दोघं जण रंध्यासाठी थांबलेत. तुम्हीच सांगा, टोपी मीच नेऊन देऊ, का सोमवारची वाट बघू?